चौकोन ओळखावा कर्णावरून

वऱ्हाडात वावराचा सौदा निघाला की पहिली फेरी धुऱ्यानं होते. घेणारा, विकणारा आणि मधला दलाल असे तिघं चारी धुऱ्यांवरून चालतात. कोणी पावलं मोजतं, कोणी टेप धरतं. चार आकडे हाती आले की वावर कळलं, असं तिघांनाही वाटतं. समजा, चारी धुरे सारखे भरले, प्रत्येकी २५ साखळ्या. साखळी म्हणजे जुन्या जमीनमोजणीतली ३३ फुटांची, १६ आण्यांत विभागलेली. तिची सोय अशी, की एक साखळी लांब आणि एक साखळी रुंद चौरस म्हणजे बरोबर एक गुंठा, आणि ४० गुंठ्यांचा एकर. पंचवीस पंचवीसं सव्वासहाशे. वावर १५ एकर २५ गुंठे. विसार द्यायला हरकत नाही.

आता दुसरं वावर घ्या. धुरे तेच, २५ साखळ्यांचे. पण समोरासमोरचे कोपरे जोडणाऱ्या दोन रेषा, म्हणजे कर्ण, मोजले तर एक ३० साखळ्या भरतो आणि दुसरा ४०. या वावराचं क्षेत्र ६०० गुंठे, नेमके १५ एकर. पंचवीस गुंठे गेले. तिसऱ्या वावराचे धुरेही २५-२५ साखळ्यांचेच, पण कर्ण १४ आणि ४८. त्याचं क्षेत्र ३३६ गुंठे, म्हणजे ८ एकर १६ गुंठे. जवळजवळ निम्मी जमीन नाहीशी झाली आणि धुऱ्यावरून चालणाऱ्याला त्याचा पत्ता नाही. “काहून बाप्पा, चारी धुरे तं बराबर हायेत!” असं तो म्हणेल, आणि ते खोटंही नसेल.

हे आकडे माझे नाहीत. भास्कराचार्यांनी ११५० साली वयाच्या छत्तिसाव्या वर्षी ‘सिद्धान्तशिरोमणि’ लिहिला. त्यातल्या ‘लीलावती’ या अंकगणित-भूमितीच्या भागात नेमकं हेच उदाहरण आहे: चारी बाजू २५, कर्ण किती आणि क्षेत्रफळ किती? उत्तरात एकदा ३० आणि ४० हे कर्ण घेतले आहेत, एकदा १४ आणि ४८, आणि कर्ण सारखे असतील तर क्षेत्र ६२५. चाळीसगावजवळ पाटणदेवीला त्यांच्या कुळाचा उल्लेख असलेला शिलालेख आहे, म्हणजे माणूस आपल्या शेजारच्या खानदेशातला असावा. मोजणीची साखळी त्यांच्यानंतर कित्येक शतकांनी आली, तरी त्यांचे आकडे गुंठ्यांत जसेच्या तसे बसतात.

भास्कराचार्य एरवी विद्यार्थ्याशी लाडाने बोलतात. या एका ठिकाणी मात्र ते चिडलेले दिसतात. एखादा लंब किंवा एखादा कर्ण न सांगता जो चौकोनाचं नेमकं क्षेत्रफळ विचारतो त्याला ते पिशाच म्हणतात, आणि जो तसं उत्तर देतो तो त्याहूनही मोठा पिशाच, असं बजावतात. चिडण्याला कारण होतं. ब्रह्मगुप्ताने ६२८ मध्ये चार बाजूंवरून क्षेत्रफळ काढण्याचं एक सुंदर सूत्र दिलं होतं. चारही कोपरे एका वर्तुळावर येणाऱ्या, म्हणजे चक्रीय चौकोनाला ते अचूक लागू पडतं. पण लोक ते सरसकट कुठल्याही चौकोनाला लावू लागले. भास्कराचार्यांनी स्पष्ट सांगितलं की हे त्रिकोणात बरोबर येतं, चौकोनात कच्चं. आज आपल्याला माहीत आहे की बाजू कायम ठेवून चौकोन कितीही हलवला तरी चारही कोपरे एका वर्तुळावर आले की क्षेत्र सर्वांत जास्त असतं. म्हणजे ब्रह्मगुप्ताचं सूत्र बिनदिक्कत वापरलं, तर जे उत्तर येतं ते कमाल मर्यादेचं.

दलालाचं सूत्र याहूनही उदार असतं. समोरासमोरच्या दोन धुऱ्यांची सरासरी काढायची, उरलेल्या दोघांची काढायची आणि गुणाकार करायचा. ही युक्ती फार जुनी आहे. इजिप्तमध्ये एडफू इथल्या होरसच्या देवळाच्या भिंतींवर देवस्थानच्या जमिनींची यादी कोरलेली आहे, तिथेही क्षेत्रं अशीच काढलेली आहेत. ब्रह्मगुप्ताला ही रीत माहीत होती, तो तिला स्थूल म्हणतो. या सरासरीचा एक गुण कोणी सांगत नाही: ती कधीच कमी भरत नाही. वावर काटकोनी असेल तर उत्तर बरोबर येतं, नसेल तर नेहमी जास्तच येतं. सातबाऱ्यावरचं क्षेत्र या रीतीने काढलेलं नसतं, म्हणून खरेदीखतात तिचा फटका सहसा बसत नाही. पण ट्रॅक्टरने नांगरणी एकरावर ठरते, निंदणाचा ठेका एकरावर ठरतो, आणि तिथे टेप व सरासरी हेच चालतं. ज्याच्या पदरात पैसे पडायचे त्याला ही रीत का आवडते, हे वेगळं सांगायला नको.

सरकारी मोजणीने हा धोका आधीच ओळखला होता. १८५३ मध्ये वऱ्हाड निजामाकडून इंग्रजांच्या कारभारात आला आणि पुढच्या दशकात मुंबई इलाख्याच्या धर्तीवर इथे जमिनीची पाहणी सुरू झाली. शंकू-साखळीची मोजणी धुऱ्यावर विसंबत नाही. वावरातून एक लांब सरळ रेषा धरायची, तिच्यापासून प्रत्येक कोपऱ्यापर्यंत काटकोनात लंब काढायचे आणि अंतरं टिपणात नोंदवायची. त्यामुळे वाकडंतिकडं वावरही काटकोन त्रिकोण आणि समलंब चौकोन यांत तुटून जातं. समजा, रेषेवर पाच साखळ्यांच्या अंतराने दोन लंब आहेत, एक चार साखळ्यांचा, दुसरा सहाचा. मधल्या तुकड्याचं क्षेत्र चार आणि सहाची सरासरी गुणिले पाच, म्हणजे २५ गुंठे. सरासरी इथेही आहे, पण ती समांतर बाजूंची आहे आणि तिला लंब अंतराने गुणलं आहे, म्हणून ती चोख. एक गोष्ट इथेच लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल: दोन्ही लंब सारखे निघाले आणि तुकडा आयत झाला, तरी भूकरमापक सूत्र बदलत नाही. एक लंब शून्य झाला आणि तुकड्याचा त्रिकोण झाला, तरी बदलत नाही.

आता मूळ प्रश्न. चार बाजू सगळं का सांगत नाहीत? अंगणातली जुनी बाज आठवा. दोन लांब गाते, दोन आखूड, चार खूर. सांधे ढिले झाले की बाज एका अंगाला कलते. एकाही लाकडाची लांबी बदललेली नसते, समोरासमोरची लाकडं समांतरच राहतात, पण आयताचा समांतरभुज चौकोन होतो. बदलतात ते दोन कर्ण: एक लांबतो, दुसरा आखडतो. त्रिकोणाचं असं होत नाही. तीन लाकडं ठोकली की आकार पक्का. म्हणून लोखंडी फाटकाला तिरपी पट्टी मारतात. ती पट्टी चौकोनाचे दोन त्रिकोण करते आणि फाटक कलायचं थांबतं. चौकोनाच्या चार बाजू म्हणजे अर्धवट माहिती. पाचवं माप कर्णाचं आलं की तो ठरतो.

हे गवंड्याला शाळेत न जाताही ठाऊक असतं. अमरावतीत किंवा अकोल्यात लेआउटमधला तीस बाय चाळीसचा प्लॉट घ्या. फक्कीने रेषा मारण्याआधी मिस्त्री कोपऱ्यात गुण्या लावतो खरा, पण गुण्या हातभर लांबीचा. कोन एका अंशाने चुकला तर चाळीस फुटांच्या टोकाला भिंत आठ इंचांहून जास्त सरकते. म्हणून तो दोरी तिरपी टाकतो. तीस आणि चाळीसच्या काटकोनाला कर्ण ५० फूट आलाच पाहिजे. त्या एका अंशाच्या चुकीने एक कर्ण पाच इंचांनी वाढतो आणि दुसरा तेवढाच घटतो. दोन दोऱ्यांत दहा इंचांचा फरक कोणालाही दिसतो. एक सावधगिरी मात्र हवी. नुसते कर्ण सारखे आले म्हणून प्लॉट आयत ठरत नाही. समोरच्या भिंती एकमेकींएवढ्या आहेत हेही पाहावं लागतं, कारण समोरून रुंद, मागे अरुंद आणि दोन्ही कडेने सारखाच आत येणारा प्लॉटसुद्धा सारखे कर्ण दाखवतो.

मला वाटतं, शाळेतही चौकोनांची ओळख कर्णांपासून करून दिली तर अर्धा गोंधळ मिटेल. दोन काठ्या घ्या, एकमेकींवर ठेवा, चार टोकांना दोरी बांधा. काठ्या एकमेकींना मध्यावर छेदत असतील तर दोरीचा समांतरभुज चौकोन होतो, काठ्यांची लांबी आणि कोन काहीही असो. शिवाय काठ्या सारख्या लांबीच्या असतील तर आयत. सारख्या नसल्या, पण एकमेकींना काटकोनात असतील तर समभुज चौकोन, ज्याला २५ साखळ्यांच्या वावरात आपण भेटलो. दोन्ही अटी पाळल्या तर चौरस. आता मध्यबिंदू सोडा. एक काठी दुसरीला काटकोनात आणि मध्यावर छेदते, पण दुसरी पहिलीला मध्यावर छेदतेच असं नाही, तो पतंग. आणि दोन्ही काठ्या एकमेकींना एकाच प्रमाणात कापतात, तो समलंब चौकोन. समांतर धुरे २० आणि ३० साखळ्यांचे असतील तर दोन्ही कर्ण २ : ३ या प्रमाणात कापले जातात. दोन्ही काठ्या सारख्या असतील तर समलंबाच्या तिरप्या बाजूही सारख्या येतात. गवंड्याला फसवणारा प्लॉट तो हाच.

असं मांडलं की दिसतं की हे प्रकार वेगवेगळ्या खुंटीला बांधलेले नाहीत. चौरसात आयताची अट पूर्ण होते आणि समभुजाचीही, म्हणून चौरस हा आयत आहे आणि समभुज चौकोनही आहे. परीक्षेत ‘प्रत्येक चौरस आयत असतो’ हे विधान चूक म्हणून खोडणारी मुलं दरवर्षी सापडतात. त्यांना फार दोष देऊ नये, त्यांच्या बाजूने साक्षात युक्लिड आहे. इसवी सनापूर्वी ३०० च्या सुमारास लिहिलेल्या ‘मूलतत्त्वां’त त्याने आयत म्हणजे काटकोनी पण बाजू समान नसलेला चौकोन, आणि समभुज म्हणजे बाजू समान पण काटकोन नसलेला, अशा व्याख्या केल्या. म्हणजे घरात प्रत्येकाला स्वतंत्र खोली. आपल्याकडे सोळाव्या शतकात कोकणातल्या नांदगावच्या गणेश दैवज्ञांनी ‘लीलावती’वर ‘बुद्धिविलासिनी’ टीका लिहिली. त्यांनी चौकोनांची पहिली वाटणी कर्ण सारखे की वेगळे यावरून केली. गवंड्याची दोरीही हाच प्रश्न आधी विचारते.

राज्याच्या आठवीच्या गणिताच्या पुस्तकात एका प्रकारात दुसरा सामावून घेण्याची आणि प्रत्येकाला वेगळं ठेवण्याची, अशा दोन्ही वृत्ती शेजारी शेजारी नांदतात. तिथे पतंगाची व्याख्या मोकळी आहे: एक कर्ण दुसऱ्याचा लंबदुभाजक असला की झाला पतंग. म्हणजे समभुज चौकोन आणि चौरस आपोआप पतंगांत येतात. संक्रांतीला वऱ्हाडात उडणारा कागदी पतंगही कोपऱ्यावर उभ्या केलेल्या चौरसाच्या जवळपासचाच असतो, पुस्तकातल्या चित्रासारखा खाली निमुळता नसतो. पण समलंबाची व्याख्या करताना तेच पुस्तक ‘समोरासमोरील बाजूंची एकच जोडी समांतर’ अशी अट घालतं आणि समांतरभुजाला बाहेर काढतं.

माझं मत भूकरमापकाच्या बाजूने आहे. मघाचे दोन लंब आठवा, चार साखळ्यांचा आणि सहाचा. दुसरा लंब सहावरून पाच, साडेचार, चार असा सरकत गेला तर चारवर येताच आकृती समलंब राहत नाही असं म्हणण्याने कोणाचं काय साधतं? सूत्र तेच, कर्णांनी एकाच प्रमाणात कापण्याचा गुणही तोच, फक्त प्रमाण १ : १ झालेलं. समलंबाबद्दल सिद्ध केलेली गोष्ट समांतरभुजाला फुकटात मिळावी, पुन्हा सिद्ध करावी लागू नये, यासाठीच तर वर्गीकरण असतं. ‘किमान एक जोडी’ असं म्हटलं तर एकच जागा जपावी लागते. ‘तिरप्या बाजू समान’ हे लक्षण समांतरभुजालाही लागू पडतं, म्हणून समद्विभुज समलंबाची व्याख्या बाजूंवरून न करता समान कर्णांवरून करावी. पुन्हा कर्णच. परीक्षेत मात्र पुस्तकात छापलेली व्याख्याच लिहावी, गुण तिलाच मिळतात.

समभुज चौकोन वऱ्हाडात कुठे बघायचा असेल तर दागिन्यात किंवा नक्षीत शोधू नका, कपाशीत शोधा. चौफुलीच्या लागवडीत वावरावर आधी एका दिशेने समान अंतराच्या रेघा ओढतात, मग आडव्या ओढतात, आणि दोन रेघा जिथे छेदतात त्या फुलीवर सरकी टोबतात. फायदा हा, की डवरा उभाही चालतो आणि आडवाही, निंदणाचा खर्च वाचतो. रेघांमधलं अंतर तीन फूट धरलं तर एका झाडाच्या वाट्याला नऊ चौरस फूट येतात आणि एकरात, म्हणजे ४३,५६० चौरस फुटांत, ४,८४० झाडं बसतात.

आता वावर काटकोनी नाही असं समजा. शेतकरी एका धुऱ्याला समांतर रेघा ओढतो आणि मग लगतच्या धुऱ्याला समांतर. कोपऱ्यातला कोन ६० अंशांचा असेल तर फुल्यांचं जाळंही तितकंच तिरपं येतं. दोन्ही दिशांच्या पट्ट्या तीन-तीन फूट रुंद आहेत, त्यामुळे घर समांतरभुज तर आहेच. आणि त्याचं क्षेत्र कुठल्याही बाजूला पाया धरून काढलं तरी उंची तीन फूटच येते, म्हणजे सगळे पाये सारखे. घर समभुज झालं. बाजू जवळजवळ साडेतीन फूट, लांब कर्ण सहा फूट, आणि क्षेत्र १०.३९ चौरस फूट. एकरी झाडं सुमारे ४,१९० उरतात. साडेसहाशे झाडं गेली आणि डवऱ्याला त्याची जाणीवही नाही, कारण त्याला लागते ती तीन फुटांची मोकळी वाट दोन्ही बाजूंनी तशीच आहे. तिरपेपणा दहा अंशांचाच असेल, म्हणजे कोन ८० चा, तर एकरी सत्तरेक झाडांचा फरक पडतो आणि त्यासाठी कोणी झोप मोडायला नको. पण अशा तिरप्या वावरात बियाण्याचा हिशोब करताना नऊ चौरस फुटांनी भागू नये.

समलंब चौकोन शोधायला लांब जावं लागत नाही. मूर्तिजापूरहून अचलपूर आणि यवतमाळकडे पूर्वी जाणाऱ्या ‘शकुंतला’ आगगाडीच्या अरुंद रुळांसारखी एखादी लाइन, किंवा कालवा, आयताकृती वावराच्या समोरासमोरच्या धुऱ्यांना तिरपं छेदून गेला की दोन्ही बाजूंना समलंब उरतात. त्याहून उपयोगाचा समलंब जमिनीच्या पोटात असतो. पूर्णेच्या खोऱ्यातल्या खारपाणपट्ट्यात विहिरीचं पाणी खारं निघतं, म्हणून शेततळ्याला मोल. तीस बाय तीस मीटर आणि तीन मीटर खोल असं शेततळं खोदताना कडा उभ्या ठेवत नाहीत, ढासळतात. एका मीटरला एक मीटर असा उतार दिला तर तळाशी २४ बाय २४ उरतात. तळ्याचा उभा छेद म्हणजे वर ३०, खाली २४ आणि उंची ३ असा समद्विभुज समलंब. तीस गुणिले तीस गुणिले तीन करणारा २,७०० घनमीटर पाणी धरून बसतो. मावतात प्रत्यक्षात २,१९६ घनमीटर, म्हणजे सुमारे २२ लाख लिटर. फरक पाच लाख लिटरचा. काळ्या भेगाळ जमिनीत उतार आणखी पसरट द्यावा लागतो, मग आणखी घट.

आज भूमी अभिलेख विभागाची माणसं साखळीऐवजी रोव्हर घेऊन वावरात येतात. उपग्रहांच्या मदतीने प्रत्येक कोपऱ्याचं स्थान घेतलं जातं, आणि कोपरे पक्के झाले की बाजू, कर्ण, क्षेत्र हे सगळं त्यांतूनच निघतं. पण रोव्हर दररोज येत नाही. नांगरणीचा ठेका ठरवताना, कुंपणाची तार आणताना, भावाभावांत तात्पुरतं वावर वाटताना हाती टेपच असतो. तेव्हा चार धुऱ्यांवर थांबू नका. पाचवं माप कर्णाचं घ्या, त्याने दोन त्रिकोण होतील आणि तीन बाजूंवरून त्रिकोणाचं क्षेत्र काढता येतं: २५, २५, ३० चा त्रिकोण ३०० गुंठ्यांचा, असे दोन म्हणजे ६००. मग दुसरा कर्णही मोजा, त्याची हिशोबाला गरज नसली तरी. चारी धुरे २५ आणि एक कर्ण ३० असेल तर दुसरा ४० साखळ्याच भरला पाहिजे. ३९ भरला, तर टेप कुठेतरी सैल धरला गेला आहे किंवा एखादा धुरा सरळ नाही. मोजणी पुन्हा करा.